यीस्टच्या चित्रात नसलेला पंप दाखवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर बारावी आणि नीटच्या पोरांसाठी श्वसनाचं मोठं रंगीत चित्र आलं होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी ते कापून वहीत चिकटवलं, इतकं ते देखणं होतं. पण चित्राच्या वर लिहिलंय 'बेकरी यीस्टची माइटोकाँड्रिया' (पेशीतलं श्वसनाचं ठिकाण) आणि खाली तिच्या आतल्या पडद्यात कॉम्प्लेक्स एक ते चार (अन्नातले इलेक्ट्रॉन पुढं पुढं देत ऑक्सिजनपर्यंत नेणारी प्रथिनांची यंत्रं) असे चारही ठोकळे काढलेत, पहिल्यातून चार प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) बाहेर ढकलले जातायत असा बाण दाखवलाय. बेकरीच्या यीस्टमध्ये कॉम्प्लेक्स एक नसतोच हो. पोरं हे पाठ करून परीक्षेला जाणार म्हणून लगेच लिहायला बसले.

आपल्या शरीरात कॉम्प्लेक्स एक म्हणजे चाळीसपेक्षा जास्त प्रथिनांचं अवाढव्य यंत्र, एनएडीएचकडून (अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन वाहून आणणारा रेणू) दोन इलेक्ट्रॉन घेतं आणि त्या जोरावर चार प्रोटॉन पडद्याबाहेर टाकतं. यीस्टनं, म्हणजे आपण पाव फुगवायला वापरतो त्या सॅकरोमायसिसनं, हे यंत्र टाकूनच दिलंय आणि त्याच्या जागी एनडीआय १ नावाचं एकच प्रथिन ठेवलंय, ते पडद्याच्या आतल्या अंगाला बसतं, एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि युबिक्विनोनला (पडद्यात फिरणारा इलेक्ट्रॉनचा वाहक, थोडक्यात क्विनोन) देऊन मोकळं होतं, प्रोटॉन एकही हलवत नाही. बाहेरच्या अंगालाही तसलीच दोन आहेत, पेशीद्रवातला एनएडीएच तिथं खपतो. म्हणून यीस्टमध्ये प्रोटॉन बाहेर काढायचं काम फक्त कॉम्प्लेक्स तीन आणि चार करतात. (सगळ्याच यीस्टचं असं नाही, यॅरोविया नावाच्या यीस्टमध्ये कॉम्प्लेक्स एक शाबूत आहे, त्यामुळं नुसतं 'यीस्ट' लिहूनही चालत नाही.)

आमच्या तासगाव भागातल्या पोरांना मी हे म्हैसाळ योजनेवरून सांगते. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंप लावून वर उचलतात, आता त्यातल्या एका टप्प्यावर पंपच नाही असं समजा, पाणी तेवढं कमीच चढणार ना? मग वर चढलेलं पाणी खाली सोडलं की कोयनेसारखं टर्बाइन फिरतं, ते टर्बाइन म्हणजे एटीपी सिंथेज, पेशी ऊर्जेसाठी खर्च करते ते एटीपी बनवणारं यंत्र. बाहेर साठलेले प्रोटॉन याच्यातून आत येतात, त्याचं चाक फिरतं आणि एका फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात. यीस्टच्या चाकाला दहा पाकळ्या असतात, एका फेऱ्यात पाकळीमागं एक प्रोटॉन जातो, १९९९ साली जॉन वॉकर यांच्या केंब्रिजच्या गटानं ते दाखवलं, आपल्या चाकाला मात्र आठच. म्हणजे यीस्टला तीन एटीपीसाठी दहा प्रोटॉन लागतात, आपलं आठात भागतं, वर प्रत्येक एटीपीमागं फॉस्फेट आत आणायला आणि एटीपी बाहेर पाठवायला एक प्रोटॉन खर्ची पडतो तो वेगळाच.

आता हिशोब करा. एका एनएडीएचमागं आपल्याकडं दहा प्रोटॉन बाहेर पडतात, यीस्टमध्ये सहा. भागाकार केला तर आपले साधारण २.७ एटीपी आणि यीस्टचे १.४ च्या आसपास, तेही पडद्यातून गळती अजिबात होत नाही असं धरून. आणि क्लासच्या नोट्समध्ये अजूनही एका ग्लुकोजला ३८ एटीपी हा एकच आकडा, आपल्यालाही तोच आणि यीस्टलाही तोच! मागच्या वर्षी एका मुलीनं माझ्याकडं पाहून विचारलं, मॅडम, पंप वेगळे असताना आकडा सारखा कसा, आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, पण क्लासमध्ये तिला 'परीक्षेपुरतं लिही' एवढंच उत्तर मिळालं होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्या चित्रात कॉम्प्लेक्स तीनमधूनही एक सरळ बोगदा काढलाय, तोही तसा नसतो. तिथं प्रोटॉन बोगद्यातून जात नाहीत, ते युबिक्विनॉलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घेऊन भरलेल्या युबिक्विनोनच्या, अंगावर बसून येतात. हे युबिक्विनॉल पडद्याच्या बाहेरच्या बाजूच्या खोबणीत येतं, दोन्ही प्रोटॉन तिथंच बाहेर सोडतं, आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन दोन वाटांना लागतात, एक लोह-गंधकवाल्या प्रथिनावरून पुढं सायटोक्रोम सीकडं (कॉम्प्लेक्स चारला इलेक्ट्रॉन पोचवणारं प्रथिन), दुसरा कॉम्प्लेक्स तीनमधल्याच सायटोक्रोम बी या प्रथिनातून उलटा आतल्या बाजूला, तिथं थांबलेल्या दुसऱ्या क्विनोनकडं. असं दोनदा झालं की त्या आतल्या क्विनोनला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि तो आतून दोन प्रोटॉन उचलतो, म्हणजे पुन्हा भरलेलं युबिक्विनॉल तयार. पीटर मिचेल यांनी हे १९७५ साली मांडलं. पडद्याच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा फरक तयार होतो आणि त्याच फरकावर एटीपी बनतं हे मूळ म्हणणं त्यांचंच, १९६१ चं, पुष्कळ वर्षं लोकांनी ते मानलं नाही, शेवटी १९७८ ला नोबेल मिळालं. आणि गंमत म्हणजे कॉम्प्लेक्स चार स्वतः प्रोटॉन पंप करतो हे मार्टेन विक्स्ट्रॉम यांनी १९७७ ला दाखवलं तेव्हा मिचेलच कितीतरी वर्षं मानायला तयार नव्हते. हे पोरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही अशी तक्रार असते, तर एक प्रयोग सांगते, खर्च काहीच नाही. परीक्षानळीत कोमट पाणी, चिमूटभर साखर, बेकरीचं यीस्ट घालायचं, वर मिथिलीन ब्लूचे दोन थेंब. थोड्या वेळात निळा रंग जातो, नळी दुधट दिसायला लागते, कारण यीस्टमधून निघालेले इलेक्ट्रॉन रंगानं घेतले. मग अंगठा लावून नळी जोरात हलवायची, हवा मिसळली की परत निळं. ठेवून दिली की पुन्हा पांढरी, फक्त वर हवेला लागून निळी रेघ राहते. १९२५ साली डेव्हिड कीलिन यांनी केंब्रिजला यीस्टच्या पाण्यातून प्रकाश सोडून स्पेक्ट्रोस्कोपनं बघितलं तेव्हा असंच, हवा मिसळली की सायटोक्रोमचे काळे पट्टे जायचे आणि नळी स्थिर ठेवली की परत उमटायचे. सायटोक्रोम हे नाव त्यांनीच दिलं. एवढ्या मोठ्या शोधाचं साहित्य बेकरीत मिळतं!

आमच्या भागात तर हा विषय बागेपर्यंत पोचतो. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी द्राक्षबाग आहे, भुरी आणि डाऊनीसाठी एझॉक्सीस्ट्रोबिन मारतात, ते औषध नेमकं कॉम्प्लेक्स तीनच्या त्या बाहेरच्या खोबणीत जाऊन बसतं, युबिक्विनॉलला जागाच मिळत नाही आणि रोगाचं श्वसन बंद पडतं. सायटोक्रोम बीमध्ये १४३ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी अॅलनिन आलं की औषध धरत नाही, म्हणून त्याच गटाची फवारणी लागोपाठ घेऊ नका असं सांगतात. हे ऐकल्यावर एक पोरगा म्हणाला, मॅडम, आमच्या पप्पांना हे माहीत पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊनच आला, आम्ही फळ्यावर खोबणी काढून तासभर बोललो.

आणि यीस्टचं ते एकटं एनडीआय १ सुद्धा टाकाऊ नाही. कॉम्प्लेक्स एक बिघडलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशीत त्याचं जीन घातलं तर श्वसन परत सुरू होतं हे १९९८ मध्येच दाखवून झालंय, कारण ते प्रोटॉन हलवत नसलं तरी इलेक्ट्रॉनची अडलेली वाट मोकळी करतं. डोळ्यांची नस खराब करणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी उंदरांवर त्याचे प्रयोगही झालेत.

तर विनंती एवढीच, चित्र पुन्हा छापा. पहिल्या ठोकळ्याच्या जागी एनडीआय १ लिहून तो बाण काढा, कॉम्प्लेक्स तीनमधला सरळ बोगदा पुसा, चाकाला दहा पाकळ्या दाखवा आणि शेजारी आपल्या पेशीचं चित्र आठ पाकळ्यांचं द्या, म्हणजे फरक पोरांना स्वतःच मोजता येईल. जुनं चित्र पोरींच्या वहीत आहे, त्यावर चिकटवता येईल एवढ्याच मापाचं छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
ज्युनिअर कॉलेजची एक शिक्षिका, तासगाव