कोराडीच्या काकांना, नवतपा सरल्यावर

काका,

यंदाचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सरला आणि माझं कॉम्प्युटरचं मशीन एकदाही बंद पडलं नाही. घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही "असू दे बेटा" म्हणत चहा ठेवायला आत गेला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं माझं काम. लग्नसराई ऐन भरात असते तेव्हाच नागपूरचा पारा 45 च्या घरात जातो. माझा प्रोसेसर एएमडीचा एफएक्स 8350, म्हणजे 2012 सालचा, आठ कोरचा, कागदावरच 125 वॅटचा. दुपारी रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला, लावला की अर्ध्यावर मशीन आपोआप बंद. दुकानदार म्हणाले, भंगारात द्या, नवीन घ्या. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते, आणि पार्टीला तारीख दिलेली होती.

तुम्ही आलात आणि आधी कॅबिनेट उघडायला लावलं. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमधून पिंजलेल्या कापसासारखी धूळ निघाली, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट खडूसारखी वाळलेली. ती साफसफाई झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता प्रोसेसरच्या चिपला मिळणारं व्होल्टेज बघू. कंपनी व्होल्टेज ठरवताना हात सैल ठेवते, चिप जुनी झाली किंवा बोर्ड साधा निघाला तरी चाललं पाहिजे म्हणून. आपल्या चिपला ते सगळं लागत नसेल तर वरचं नुसतं तापवण्यात जातं. कोराडीच्या वीज केंद्रात उमर काढलेल्या माणसाकडून हे ऐकताना पटकन पटलं.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टर्बो (आपोआप वेग वाढवणं) बंद केलं, 4 गिगाहर्ट्झचा नेहमीचा वेग तसाच ठेवला आणि 1.3625 व्होल्टपासून खाली यायला लागलो, एका वेळी 0.0125. प्रत्येक पायरीला प्राइम95 हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं टेस्टचं सॉफ्टवेअर चालवायचं, मग तुमच्या वहीत चार रकाने भरायचे: व्होल्टेज, तापमान, प्लगच्या मीटरवरचे वॅट, निकाल. कीबोर्डवरची की तुम्ही एकदाही दाबली नाही, मलाच दाबायला लावलीत. सुरुवात करण्याआधी सगळं फूटेज दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावलंत, कारण व्होल्टेज अपुरं पडलं तर गणित चुकतं आणि फाइल बिघडते.

1.225 वर स्क्रीन थिजली. माझे हातपाय गळाले. घरात कुणी बोलेना. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "अडखळलंय, जळलं नाही. कमी व्होल्टेजनं चिप मरत नाही." दोन पायऱ्या वर येऊन 1.25 वर थांबलो, आणि रात्रभर टेस्ट लावून तुम्ही घरी गेलात. पहाटे साडेपाचला तुमचा फोन, "काय झालं?" चालू होतं, काका.

त्याच वहीत तुम्ही मला हिशोब करून दाखवला होता. व्होल्टेज आठ टक्क्यांनी उतरलं, पण वीज त्याच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज अशी, उतरते, म्हणून चिपची बचत सोळा टक्क्यांच्या आसपास. प्लगचा मीटर पूर्ण लोडवर 212 वॅट दाखवायचा, तो 174 वर आला. त्यात टर्बो बंद केल्याचाही वाटा आहे, हे तुम्हीच लिहून ठेवलंत. रेंडरला थोडी मिनिटं जास्त लागतात. लागू देत. मे महिन्यातले सगळे व्हिडिओ वेळेवर गेले.

वही अजून माझ्याकडेच आहे. समोरच्या गल्लीतल्या पोराच्या जुन्या मशीनसाठी तिच्यात नवं पान सुरू केलंय, सध्या 1.3 वर आहोत. त्याचं झालं की आणून देते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची