सुनंदा, मृत्युपत्र कर

प्रिय सुनंदा,

फ्लॅटला भाचीला नॉमिनी केलंय, मग मृत्युपत्राची घाई कशाला, असं तू फोनवर सहज म्हणून गेलीस. तुझी आई, म्हणजे काकू, शेजारीच होत्या, म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण तो डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुझ्यामागे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्या नावाने ठरतं. घर जातं वारसांकडे. आणि तुझे वारस ठरवतं हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५. बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर आधी तिची मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यातलं कोणीच नसेल तर मग तिचे आईवडील. हा क्रम नीट बघ, सुनंदा. तुला मूल नाही आणि नवराही राहिला नाही, म्हणजे अरुण गेल्यावर सासरच्या ज्या माणसांनी तुझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली, ती काकूंच्या आधी येतात. तू नोकरी करून, हप्ते फेडून घेतलेलं घर उद्या दिराच्या नावावर होऊ शकतं आणि काकूंना त्याच घरात राहण्यासाठी त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असतं तर ते निदान माहेरी परत गेलं असतं. स्वतः कमावलेल्याला तेवढीही सवलत नाही.

पुरुषासाठी कलम ८ आहे. त्यात त्याची आई बायकोमुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गात बसते. बायकोच्या माहेरच्या माणसांना त्या यादीत कुठेच जागा नाही. म्हणजे त्याने कमावलेलं त्याच्या माणसांचं आणि तिने कमावलेलंही त्याच्याच माणसांचं.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल आहे. १९५५ मध्ये लग्न झालेली एक मुलगी. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, आयुष्यभर माहेरीच राहिली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. मागे बँकेतले पैसे आणि भविष्य निर्वाह निधी. तिच्या आईने दावा केला. आई गेल्यावर भावाने पुढे चालवला. समोर होते नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे. निकाल त्यांच्या बाजूने लागला. प्रकरण कठीण आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण केवळ भावना आणि सहानुभूतीवर हक्क ठरवता येत नाहीत, असंही म्हटलं. तिने मृत्यूआधी चाळीस वर्षं जे सासर पाहिलं नाही, ते तिच्या फंडाचं धनी झालं! हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

ज्या कायद्यात हे आहे, त्याच १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ ने बाईला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. त्याआधी १९३७ च्या कायद्याने विधवेला मिळायचा तो हयातीपुरता हक्क. ती फार मोठी गोष्ट होती आणि मी ती कमी लेखत नाही. पण शेजारच्याच कलमात बाई कमावेल, स्वतःच्या पैशाने घर घेईल, ही शक्यताच धरलेली नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क आला, राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना असलेली आडकाठीही गेली. कलम १५ मात्र तसंच राहिलं. विधी आयोगाने २००८ मध्ये २०७ व्या अहवालात स्वकष्टार्जित मिळकतीसाठी ते बदलायला सुचवलं होतं. तुझ्याच मजल्यावर राहणाऱ्या ख्रिश्चन बाईंना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि तिथे पुरुषाला आणि बाईला नियम सारखेच आहेत.

लोक म्हणतात, मृत्युपत्र करा, प्रश्न मिटला. तुझा मिटेल. पण आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या, भिशी लावून चाळीत खोली घेतलेल्या मावशींना हे कोण सांगणार? कायद्यातली वारसांची यादी असते तीच मुळी काही न लिहिता गेलेल्यांसाठी. ती यादीच त्यांच्यावर अन्याय करत असेल, तर त्यांनी दाद कुठे मागायची?

आता तुझं काम. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प लागत नाही. तू दोन साक्षीदारांसमोर सही करायचीस आणि त्यांनी तुझ्यासमोर. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नकोस. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करूनच घे, कारण दीर गप्प बसणारे नाहीत. डॉक्टरांचा दाखलाही जोड. काकूंना हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यांच्यामागे घर भाचीला, असं स्पष्ट लिही. फंड आणि ठेवींचा उल्लेख विसरू नकोस.

रविवारी मी येते, साक्षीदार म्हणून एक सही माझी. दुसरीसाठी तुझ्या ऑफिसातल्या कोणाला तरी विचार. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझी,
मीरा