विरामांना कात्री नको

महोदय,
‘दीडपट वेगाने चित्रपट पाहिल्यास विद्यार्थ्यांना कमी वेळात जास्त शिकता येते’ हे आपल्या रविवार पुरवणीतील लेखात मांडलेले मत पटले नाही. मी चित्रपटकलेची विद्यार्थिनी आहे. चित्रपटात सहसा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रे (फ्रेम) असतात आणि संकलनाला बसले की आमचे वाद त्यातल्या सहा-आठ चौकटींवरून होतात. उत्तर देण्यापूर्वी पात्र किती वेळ गप्प राहते, यावर ते खोटे बोलते आहे की दुखावले गेले आहे, हे ठरते. तो विराम आखडला की प्रसंगच बदलतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी सुमारे शतकापूर्वी एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखवला. सुपाच्या वाडग्यानंतर प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शवपेटीनंतर दुःख! एवढा अर्थ नुसत्या जोडणीतून उमटतो आणि तो उमटायला पडद्यावर अवधी लागतो. कथानक वाढवलेल्या वेगातही कळते, हे खरे. पण आम्हाला शिकायची असते ती लय, आणि नेमकी तीच हरवते. प्रसंग थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहावा, ही त्याच लेखातली सूचना मात्र फार मोलाची आहे. आमच्या वर्गात सर्वाधिक शिकणे त्यातूनच होते.

– एक विद्यार्थिनी