२१०० चं सगळे विचारतात, २५ हजारांचं कोण विचारणार? मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र (डिसेंबर २०२५)

मा. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस साहेब,

गृहखातं पण तुमच्याकडेच आहे म्हणून पत्र तुम्हालाच लिहितेय. विषय तुमच्या निवडणुकीतल्या एका वचनाचा आहे, लाडकी बहीण योजनेचे महिन्याला २१०० रुपये आणि २५ हजार महिला पोलीस. महिला व बालविकास मंत्री आदितीताई तटकरेंनी पण वाचलं तर बरं होईल, कारण अर्धा विषय त्यांच्या खात्याचा आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस लाईनीत राहते, आमचे हे हवालदार आहेत. नाव गाव टाकत नाही, का ते तुम्हाला कळतंच, उद्या ह्यांना साहेबांपुढे उभं राहावं लागेल.

८ डिसेंबर २०२५ पासून नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतंय, १४ पर्यंत. म्हणजे आठवडाभर टीव्हीवर तेच दिसणार, सकाळी पायऱ्यांवर फलक घेऊन घोषणा, मग आत गोंधळ, मग बाहेर येऊन माईकपुढे बाईट. आणि विषय कुठला तर लाडकी बहीण, २१०० कधी देणार, आणि दुसरीकडे कायदा सुव्यवस्था, पोलीस काय करतायत. हे दोन विषय वेगवेगळे काढतात ना त्याचंच मला नवल वाटतं, कारण तुम्ही लोकांनी ते एकाच वाक्यात बांधून दिले होते. ५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीची दहा वचनं जाहीर झाली, तेव्हा शिंदे साहेब मुख्यमंत्री होते, आणि त्यातलं पहिलंच वचन काय होतं, तर लाडक्या बहिणींना १५०० चे २१०० आणि महिलांच्या सुरक्षेसाठी पोलीस दलात २५ हजार महिला. पहिला अर्धा भाग गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे, दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल सभागृहात कोणी खडसावून विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

आधी पैशांचं बोलते. मला स्वतःला हा हप्ता मिळत नाही, मिळायलाही नको, घरात सरकारी नोकरी आहे, नियम नियम आहे. पण माझ्या नणंदेला मिळतो. गावाकडे असते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिचे १५०० कुठे जातात ते मला तोंडपाठ आहे, बचत गटाचा हप्ता, किराणावाल्याची मागची उधारी, आणि उरलं तर सिलेंडर, नाहीतर चूल आहेच. त्यामुळे शहरातले शिकले सवरलेले लोक "फुकटचे पैसे वाटून बायका आळशी झाल्या" असं लिहितात तेव्हा मला हसू पण येतं आणि राग पण येतो, यांनी एक दिवस कापूस वेचून दाखवावा मग बोलावं. योजना चांगली आहे साहेब, मी उगाच विरोधाला विरोध करत नाहीये. जून २०२४ च्या बजेटमध्ये जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे ३००० खात्यात पडले, सरकारी काम एवढ्या झटक्यात झालेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बँकेबाहेर बायकांची ही रांग लागली होती.

पण निवडणूक झाली, तुमचे २३० आमदार आले, आणि तोच वेग कुठे गेला? मार्च २०२५ च्या बजेटमध्ये योजनेला ३६ हजार कोटी ठेवले, सुरुवातीला तुम्हीच वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगत होतात. म्हणजे २१०० तर लांबच, १५०० मध्येच माणसं कमी करायची हे त्या आकड्यातच दिसत होतं, कोणी तोंडाने सांगायची गरजच नव्हती. मग जुलैमध्ये आदितीताईंनी सांगितलं की २६.३४ लाख जणींचा लाभ तात्पुरता थांबवलाय, ते पण जूनपासूनच. चौदा हजारावर पुरुषांनी पण पैसे उचलल्याचं तेव्हाच बाहेर आलं, १४,२९८. आता मला सांगा, पुरुषांचे अर्ज पास कोणी केले? ते अर्ज तपासून पुढे पाठवणारी काही माणसं असतीलच ना, त्यांचं पुढे काय झालं? त्यांच्यामुळे जिचा खरा हक्क आहे ती पण चोरासारखी रांगेत उभी राहतेय. आणि ज्यांचं थांबलं त्यांना कळवायची पद्धत काय, तर हप्ता आला नाही की समजून जायचं. मध्य प्रदेशात पण तुमचंच सरकार आहे ना, तिकडच्या अशाच योजनेत १००० वरून १२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १५०० केले. टप्प्याटप्प्याने का होईना वाढवले. आपल्याकडे टप्पा पण नाही आणि तारीख पण नाही, "योग्य वेळी देऊ" एवढंच.

आणि ती ईकेवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाईन ओळख पटवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये काढलीत, दोन महिने मुदत होती, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. मी नणंदेला घेऊन गेले होते सेतूवर. आधी तिचा ओटीपी, मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी, त्याच्या आधारला जुना नंबर लिंक, तो नंबर बंद, झालं, परत आधार सेंटर. नंबर लिंक झाल्यावर परत सेतू, आणि सगळ्यात शेवटी आला तो प्रश्न. कुटुंबातला कोणी सरकारी नोकरीत "नाही" असं लिहिलंय आणि खाली होय / नाही. म्हणजे नोकरी नसेल तर दाबायचं "होय"! नणंद म्हणाली नाही ना गं कोणी नोकरीला, मग नाहीवर दाबा. सेतूवाल्या पोराने वेळेत हात धरला म्हणून वाचली. पण प्रत्येक ठिकाणी असा पोरगा बसलेला नसतो, घाईत होय च्या जागी नाही दाबलेल्या किती निघतील ते हप्ते बंद पडायला लागले की कळेलच, तेव्हा त्यांना अपात्र म्हणू नका, प्रश्न तुम्ही उलटा विचारलाय. विधवा बायकांचं तर विचारूच नका, नवरा नाही तर ओटीपी कोणाचा आणायचा? ते कोणाच्या लक्षात आलं मुदत संपायला आली तेव्हा, मग सांगितलं की मृत्यूचा दाखला अंगणवाडी ताईकडे द्या. अंगणवाडी ताईंवर आधीच अर्ज भरायचं काम, चारचाकी कोणाकडे आहे ते बघायचं काम, त्यात आता हे.

आता दुसरा अर्धा भाग, जो माझ्या घरचा आहे.

२५ हजार महिला पोलीस. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅबिनेटने पंधरा हजारांच्या वर पदांची भरती मंजूर केली, अर्ज पण मागवले, चांगली गोष्ट आहे, वय निघून गेलेल्यांना पण एक संधी दिली, त्याबद्दल मनापासून आभार कारण आमच्याच लाईनीतली दोन पोरं त्यात बसतायत. पण हिशोब करू. महिलांना आरक्षण ३० टक्के. पंधरा हजार सहाशेच्या आसपास पदं धरली तर महिला होतात साधारण पावणेपाच हजार. २५ हजार पूर्ण करायला अशा पाचाहून जास्त भरत्या लागतील. २०२४ ची भरती १७,४७१ पदांची होती, तिला सतरा लाखांच्या वर अर्ज आले, मैदानी चाचणी जूनच्या पावसात घ्यावी लागली, चिखलात पोरं १६०० मीटर पळाली. निवड झाली तरी पुढे ट्रेनिंग नऊ महिन्यांचं. तुमची टर्म पाच वर्षांची, त्यातलं एक तर गेलं. मग उरलेल्या चार वर्षांत हे कसं बसवताय ते गणित कोणीतरी सभागृहात फळ्यावर मांडा ना. का वेगळी महिला भरती काढणार आहात? तसं असेल तर पोरींना आत्ताच सांगा, त्या पहाटे उठून डांबरी रोडवर पळतायत, आईबाप एकीकडे स्थळं बघतायत, त्यांना पण ठरवता आलं पाहिजे.

महिला पोलीस का लागतात ते मी लाईनीत रोज बघते. आमच्या शेजारची महिला शिपाई, तिला साप्ताहिक सुट्टी होती, रात्री फोन आला, पोलीस स्टेशनला एक मुलगी आलीय, जबाब घ्यायला महिला कोणी नाही. अत्याचाराच्या गुन्ह्यात फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असा कायदाच आहे आणि तो बरोबरच आहे. ठरलेली महिला अधिकारी दुसऱ्या बंदोबस्ताला गेलेली, ती येईपर्यंत त्या पोरीजवळ बसायला तरी कोणी बाई हवी ना. मग ही आपलं दोन वर्षांचं लेकरू माझ्याकडे देऊन गेली आणि सकाळी आली. ती मुलगी आणि तिची आई तोपर्यंत बाकड्यावर बसून होत्या. ह्यात चूक कोणाची सांगा, तिची नाही, स्टेशनच्या साहेबांची पण नाही, माणूसच नाही तर तो तरी कुठून आणणार? लोकं मात्र बाहेर येऊन म्हणणार पोलीस तक्रार घेत नाहीत. महिला पोलिसांना आठ तास ड्युटीचा आदेश २०२२ मध्ये निघाला होता. आमच्याकडे त्याचं नाव काढलं की सगळ्या हसतात.

आत्ताचीच परिस्थिती बघा. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचं मतदान झालं, मोजणी ३ ला होणार होती, कोर्टाने ती २१ ला नेली. कोर्टाचा निर्णय आहे, त्यावर मी बोलत नाही. पण त्या मशीन ज्या स्ट्राँगरूममध्ये आहेत तिथे पहारा कोण देतंय? तेच पोलीस, २१ तारखेपर्यंत, दिवसरात्र. वर काही ठिकाणचं मतदान २० ला आहे. आणि मध्येच नागपूर. राज्यभरातून फोर्स नागपूरला जातो, दरवर्षी जातो, आमचे हे पण निघालेत. म्हणजे गंमत बघा, आमच्या तालुक्यातल्या चोऱ्या का वाढल्या हा प्रश्न आमदार नागपूरला विचारणार, आणि त्या चोऱ्यांचा तपास ज्याच्याकडे आहे तो माणूस त्याच विधान भवनाच्या बाहेर बॅरिकेडला उभा असणार! त्या आमदारांसोबतचा गार्ड पण मुख्यालयातूनच दिलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही आमदारांची वाय प्लस सुरक्षा कमी केली तर केवढी नाराजी झाली होती, ते बघून आमच्या लाईनीत लोक गालात हसत होते.

शिपायांच्या किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ च्या २० केल्या. कागदावर २० आहेत हो, पण मागायला गेलं की बंदोबस्त, गणपती, ईद, मोर्चा, निवडणूक, परत व्हीआयपी दौरा. मुंबईत माणसं कमी पडली तेव्हा २०२३ मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान तात्पुरते घ्यावे लागले, तेव्हा तुम्हीच गृहमंत्री होतात, त्यावरून सभागृहात बराच गदारोळ झाला, "कंत्राटी पोलीस" म्हणून. गदारोळ करणाऱ्यांनी नंतर किती वेळा विचारलं की आता कायमची पदं भरली का? मला तर वाटतं विरोधकांना पण आवाज करण्यात जास्त रस आहे. आधीच ते ठाकरेंचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवारांचे १० आमदार असे तीन तुकड्यात, एकाही पक्षाचे दहा टक्के आमदार नाहीत असा हिशोब काढून विरोधी पक्षनेता पण नाही, मग निदान प्रश्न तरी नीट घडवून विचारा ना.

मी विधानसभेच्या वेबसाईटवर तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचं असतं त्या आमदारांच्या प्रश्नांच्या याद्या वाचत असते, ह्यांना वाटतं हिला काही काम नाही. त्यात एक ठरलेला साचा आहे. अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आणि मंत्र्यांचं उत्तर, (१) हे अंशतः खरे आहे, (२) कार्यवाही सुरू आहे, (३) प्रश्न उद्भवत नाही. आता हेच माझ्या नणंदेने केलं तर? सरकारी नोकरीत कोणी आहे का, तर "अंशतः". नवऱ्याचा ओटीपी, तर "माहिती घेण्यात येत आहे". तिचा फॉर्म तिथल्या तिथे रिजेक्ट होईल. तिला होय किंवा नाही यातलंच एक दाबावं लागतं, ते पण दिलेल्या मुदतीत, मग मंत्र्यांना ही सूट कशी काय?

म्हणून आठवडा छोटा असला तरी एवढं करा. २१०० किती तारखेपासून, किंवा या टर्ममध्ये नाही असं तरी स्पष्ट सांगा, बायका ऐकून घेतील, त्यांना नाही ऐकायची सवय आहे. ज्यांचा लाभ थांबवला त्यांची गावनिहाय यादी कारणासकट ग्रामपंचायतीत लावा आणि अपील कुठे करायचं ते त्याखाली लिहा. ईकेवायसीत ज्यांचं चुकीचं बटन दाबलं गेलं त्यांना एकदा दुरुस्त करू द्या. आणि २५ हजारांपैकी महिला किती भरल्या, किती ट्रेनिंगला आहेत, पुढच्या वर्षी किती, जिल्ह्याप्रमाणे आकडे पटलावर ठेवा, कोणी विचारलं नाही तरी ठेवा.

एक शेवटचं, ते अधिवेशनाशी थेट संबंधित आहे म्हणून लिहिते. बाहेरगावहून आलेल्या पोलिसांना नागपुरात हॉलमध्ये, मंगल कार्यालयात उतरवतात. थंडी बेकार असते, जमिनीवर गाद्या, आणि अंघोळीला गार पाणी. विधान भवनापासून गाडीने काही लांब नाही, तुम्ही किंवा राज्यमंत्र्यांपैकी कोणीतरी एका सकाळी न सांगता जाऊन बघा, आणि महिला शिपायांसाठी बंदोबस्ताच्या पॉइंटजवळ टॉयलेटची गाडी उभी आहे का तेवढं पण बघा.

आपली,
पोलीस लाईनीतली एक गृहिणी