न खेळलेल्या सामन्यांचा हिशेब

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरचा. शाळेत पीटी शिकवण्यातच सगळी नोकरी सरली. आता सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा यांच्या मॅचा बघतो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पैलवानांच्या तालमींनीच टीमा काढल्या, त्यामुळे पेठापेठांतली ईर्ष्याही कुस्तीचीच. मॅच सुटल्यावर दगडफेक झाली की बाहेरच्या पेपरांत तेवढीच बातमी येते, ते दुखणं वेगळं.

आज लिहायला बसलो ते एका नियमामुळं. सांघिक खेळात आशियात पहिल्या आठात असल्याशिवाय आशियाई स्पर्धेला संघ पाठवायचा नाही, हा तुमच्या मंत्रालयाचा निकष. सरकारी पैशानं हौसेची सहल नको, हे मलाही पटतं. पण फुटबॉलला हा निकष लावल्यावर काय झालं, ते २०१८ आणि २०२३ ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून बघा.

२०१८ साली आपला संघ फिफाच्या यादीत पहिल्या शंभरात होता. कितीतरी वर्षांनी तिथं पोचला होता. तरी आशियातल्या आठांत बसत नाही म्हणून भारतीय ऑलिंपिक संघटनेनं त्याचं नाव पाठवलं नाही. स्पर्धा कुठं होती? जकार्ताला. १९६२ साली ज्या गावातून आपण फुटबॉलचं सुवर्णपदक आणलं, त्याच गावाला. पुढं ऑक्टोबरात आपला संघ चीनमध्ये सुझोऊला जाऊन चीनशी ०-० खेळून आला. जानेवारीत आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवलं. थायलंडवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाला घरी पाठवलं. आता तुमचे अधिकारी म्हणतील, मास्तर, आशियाई स्पर्धेत २३ वर्षांखालचा संघ असतो, सुझोऊला गेला तो मोठ्यांचा. बरोबर. मग पोरांच्या प्रवेशाला मोठ्यांच्या क्रमवारीची फूटपट्टी का लावली?

२०२३ ला पुन्हा तेच. यादीत नाव नाही म्हटल्यावर तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. परदेशातून आलेल्या माणसाला ते करावं लागलं, याची मला जरा लाजच वाटली. जुलैअखेर मंत्रालयानं नियम शिथिल केला, त्याबद्दल आभार. पण तोवर आयएसएलचं, म्हणजे क्लबांच्या इंडियन सुपर लीगचं, वेळापत्रक येऊन आदळलं होतं. आशियाई स्पर्धा फिफाच्या कॅलेंडरात नाही, त्यामुळं खेळाडू सोडायचं बंधन क्लबांवर नाही. महिनाभर कोण जाणार, कोण नाही, याचीच ओढाताण चालली. शेवटी हांगझोऊला संघ पोचला तो चीनविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. काही जण तर यायचेच होते.

ती मॅच मी मोबाइलवर बघितली. आपला गोलकीपर गुरमीतनं पेनल्टी अडवली. पहिला हाफ संपता संपता राहुल के. पी. उजवीकडून धावत गेला आणि जिथून सेंटर करायचा तिथून त्यानं सरळ गोलात मारला. इतक्या अरुंद कोनातून आमच्या पोरानं मारला असता तर मी आधी रागावलो असतो. १-१. इंटरव्हलला मी नातवाला हाक मारून बोलावलं. नंतर मात्र पोरांचे पायच चालेनात. चेंडू आपल्या बाजूनं जातोय आणि आपला गडी नुसता मान वळवून बघतोय. चीननं चार गोल केले. ५-१. हेच पोरगे त्यानंतर बांगलादेशला १-० हरवून, म्यानमारशी १-१ करून बाद फेरीत गेले आणि तिथं सौदी अरेबियाकडून ०-२ हरले. सुझोऊच्या ०-० मधून हांगझोऊच्या ५-१ पर्यंत यायला आपल्याला पाच वर्षं लागली. संघ वेगळा, मान्य. पण एका संघाला तयारी करायला दिलं होतं आणि दुसऱ्याला विमानतळावरून मैदानात उतरवलं.

आता १९६२ चं सांगतो, कारण ते पदक पहिली मॅच हरूनही झालं. जकार्ताला आपली पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी. ०-२ हरलो. मग थायलंडला ४-१, जपानला २-०. थायलंडच्या मॅचमध्ये जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला बचावफळीतून काढून पुढं, फॉरवर्डला आणलं. टाके घातलेल्या डोक्याचा सेंटर फॉरवर्ड! उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं आणि ४ सप्टेंबरला फायनलला समोर परत तोच कोरिया. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियानं येऊ दिलं नाही म्हणून आपले क्रीडा-पदाधिकारी सोंधी यांनी हरकत घेतली होती, त्यावरून अख्खं स्टेडियम आपल्यावर खवळलेलं. पी. के. बॅनर्जीनं एक मारला, जर्नेलनं दुसरा. २-१. कप्तान चुनी गोस्वामी. हाफबॅकला खेळत होता फॉर्च्युनाटो फ्रँको, जन्म गोव्यातल्या कोलवाळचा, खेळायचा मुंबईत टाटांकडून. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

त्याआधी १९५१ ला दिल्लीत इराणला १-० हरवून पहिलं सुवर्ण घेतलं होतं, गोल साहू मेवालालचा. १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही हे नशीब. पण पुढं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ हरवलं ते नशिबानं नव्हे. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मुंबईत आज दहा जणांना विचारा, नेव्हिल डिसूझा कोण. मी विचारलंय. एकानं सांगितलं, पाद्री असतील.

चार वर्षं आधी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. त्यानंतर कुणी म्हणालं नाही की पुढच्या वेळी क्रमवारी बघून पाठवू. रहीम साहेबच प्रशिक्षक राहिले आणि मेलबर्नला त्याच युगोस्लाव्हियाशी आपण उपांत्य फेरीत ४-१ हरलो.

लोक म्हणतात, भारतीय फुटबॉल हरत हरत खाली आला. मी जुने निकाल वहीत उतरवत बसलो तेव्हा मला दुसरंच दिसलं. हरल्याच्या पानांपेक्षा कोरी पानं जास्त. १९५० ला ब्राझीलच्या विश्वचषकात जागा मिळाली होती, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स सगळे मागं हटल्यामुळं का होईना. गट पण ठरला होता: इटली, स्वीडन, पॅराग्वे. आपण गेलो नाही. अनवाणी खेळायला फिफानं मनाई केली म्हणून, ही गोष्ट आम्ही पोरांना वर्षानुवर्षं सांगितली, मीसुद्धा सांगितली. ती खोटी. बराचसा खर्च उचलायला ब्राझील तयार होतं. आपल्या फुटबॉल महासंघालाच ऑलिंपिकपुढं विश्वचषकाची किंमत वाटली नाही, बाकी लांबचा प्रवास, सरावाला वेळ नाही, ही नेहमीची कारणं. पुढं १९८५ उजाडेपर्यंत विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपण एकही मॅच खेळलो नाही.

आणि कोरिया? १९५४ ला स्वित्झर्लंडला गेले. हंगेरीकडून ०-९, तुर्कस्तानकडून ०-७. एवढा मार खाऊन घरी आले. आठ वर्षांनी जकार्ताला आपल्याकडून हरले ते हेच. २००२ ला हेच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत खेळले.

१९६३ च्या जूनमध्ये रहीम साहेब कॅन्सरनं गेले. १९६४ ला इस्रायलमध्ये आशिया चषकात दुसरे आलो, १९७० ला बँकॉकला आशियाई स्पर्धेत जपानला १-० हरवून ब्राँझ. त्यानंतर त्या स्पर्धेत फुटबॉलचं पदक नाही. जग नव्वद मिनिटं पळत होतं आणि आपल्या देशातले सामने सत्तरच्या दशकापर्यंत सत्तर मिनिटांचे. शेवटची वीस मिनिटं आपल्याला परकीच. आशिया चषकात १९६४ नंतर थेट १९८४, आणि १९८४ नंतर थेट २०११. १९९० आणि १९९४ च्या आशियाई स्पर्धांना फुटबॉल संघ गेलाच नाही. म्हणजे २०१८ चं दुखणं नवं नव्हतं.

बायकांच्या संघाचं तर विचारूच नका. १९८० आणि १९८३ ला आशिया चषकात उपविजेता असलेला संघ २००९ साली फिफाच्या यादीतूनच गळला. का, तर दीड वर्षात एकही सामना नाही. हरल्यानं कुणी यादीतून जात नाही, साहेब. २०२२ ला आशिया चषक आपल्या नवी मुंबईत, मुंबईत, पुण्यात होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० झाली आणि संघात करोना शिरला. पुढच्या मॅचला उभं राहायला तेरा जणीसुद्धा उरल्या नाहीत, सगळी स्पर्धाच गेली. त्याच संघानं जुलै २०२५ मध्ये चिआंग मायला जाऊन थायलंडला थायलंडमध्ये २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशिया चषक गाठला. हे सगळं आठांतल्या जागेवर ठरवलं असतं तर?

आत्ताची अवस्था लपवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मी मुद्दाम एसटीनं मडगावला गेलो होतो, फातोर्ड्याला सिंगापूरशी मॅच. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं लांबून असा मारला की शेजारचे म्हापशाचे काका माझ्या खांद्यावर चढले. मग सिंगापूरच्या साँगनं एक इंटरव्हलच्या आधी, एक नंतर घातला. १-२. पुढच्या आशिया चषकाचं दार बंद. बाहेर पडताना ते काका कोकणीत काहीतरी पुटपुटले, मी अर्थ विचारला नाही. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. त्या वर्षी आयएसएलच सुरू होत नव्हती, शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ची तारीख क्रीडामंत्र्यांना जाहीर करावी लागली. लीगची तारीख मंत्र्यानं सांगायची वेळ येते, म्हणजे महासंघाच्या कारभाराबद्दल मी वेगळं काय लिहू.

एक जुनी गोष्ट. आमच्या शाळेची चौदा वर्षांखालची टीम एकदा बाहेरगावी स्पर्धेला जाणार होती. ज्या कार्यालयातून प्रवासखर्च मंजूर व्हायचा तिथल्या साहेबांनी फाईल न उघडताच सांगितलं, मास्तर, मागल्या वर्षी पहिल्या मॅचला हरून आलात, यंदा कशाला? मी पालकांकडून वर्गणी काढली, वडापची जीप ठरवली, सोळा पोरं आणि दोन चेंडू कोंबले. हरलो, ०-४. त्यातले दोन गोल कॉर्नरवरून गेले. चेंडू हवेत आत वळवून मारतात हे आमच्या गोलकीपरनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कोल्हापुरात त्या वयाची पोरं कॉर्नर सरळ हाणायची. सोमवारी मधल्या सुट्टीत डबा न खाता तो गोलात उभा आणि तिघंजण कोपऱ्यातून चेंडू वळवायला शिकतायत. हेडमास्तरांच्या खिडकीची काच गेली, ती मी भरून दिली. त्या साहेबांच्या फाईलीत मात्र ०-४ एवढंच लिहिलं गेलं असणार.

तर मागणं असं. फुटबॉलच्या पोरांच्या संघाला त्याच्या स्वतःच्या वयोगटातल्या खेळावरून जोखा, मोठ्यांच्या क्रमवारीवरून नको. पाठवायचं की नाही ते वर्षभर आधी ठरवा आणि जाहीर करा. नाही म्हणायचं असेल तरी आधी म्हणा, म्हणजे दुसऱ्या सामन्यांची सोय बघता येईल. आणि जायचं ठरलं की त्या पंधरा-वीस दिवसांत क्लबांनी खेळाडू सोडायचे, हे महासंघाकडून लीगच्या करारातच लिहून घ्या. लीगची तारीख सांगू शकता, तर एवढं एक कलमही घालून घेता येईल. अनिकेत जाधव आमच्या गावचा, २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळून आला तेव्हापासून इथल्या पेठांतली पोरं देशाची जर्सी स्वप्नात बघतात. त्यांना आठांतल्या जागेचं गणित समजावून सांगायला मला अजून जमलेलं नाही.

सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहे. फुटबॉलचा कागद तुमच्या टेबलावर येईल, किंवा येऊन गेलाही असेल. सही कुठल्याही रकान्यात करा. पण पाठवणार असाल तर पोरं मॅचच्या आदल्या संध्याकाळी बॅगा ओढत विमानतळावर उतरू नयेत, एवढं बघा.

आपला नम्र,
पीटीचा एक निवृत्त मास्तर
कोल्हापूर