पम्या, ती वही तुझ्याकडंच आहे बे

प्रिय पम्या,

चार महिने फोन केला नाही म्हणून शिव्या देशील, दे. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच, पाऊस बरा. पण पोळ्याला जे झालं ते इथं कोणाला सांगून उपयोग नाही.

आबाजी गेले ते आखाडात. तू आला नाहीस, सुटी नव्हती म्हणे, जाऊ दे. तर यंदाचा पोळा त्यांच्याशिवाय पहिलाच. तोरणाखाली जोड्या किती? अकरा! आपल्या वेळी मारुतीच्या पारापासून नाल्यापर्यंत रांग असायची. दोघांनी तर ट्रॅक्टरच धुऊन आणले, एकानं बोनेटला बाशिंग बांधलं, लेका मला हसूच आवरेना. आदल्या दिवशी खांदेशेकणी मात्र साऱ्यांनी केली. मीही पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, बैलाच्या कानात ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हटलं, तर पोरगा विचारतो, "बाबा, त्याले समजते का?" म्हटलं, तुले तरी समजते का एकदा सांगितलेलं?

मग वाजंत्री थांबली आणि सारे एकमेकाकडं पाहायला लागले, तोरणाखालची झडती, ते यमकाचं टोमणेवालं गाणं, आता आबाजीशिवाय कोण म्हणणार? मागून कोणीतरी ओरडलं, "बाल्याले म्हणू द्या, तोच वही घेऊन आबाजीच्या मांगं मांगं फिरे." ढकललाच मला पुढं. मी वखरवाली काढली.

वखर रे वखर, बाभळीचा वखर,
बैल उपाशी, मालकाले साखर...

आणि पुढचं गेलं. साफ गेलं. दीडशे माणूस, अकरा जोड्या, दोन ट्रॅक्टर, सारे माझ्या तोंडाकडं पाहताहेत. शेवटी एका पोरानं मोबाईल काढून नेटवरची कुठली तरी झडती वाचली, लोकांनी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ ठोकलं, तोरण तुटलं, बैल सुटले. संपलं.

घरी येऊन पहिले माळा उपसला. आबाजीच्या झडत्या आपण उतरवल्या ती, शंभर पानी, मागं पाढे छापलेली वही. मी म्हणतो तू पुण्याला नेली, तू म्हणतो मी शंकरपटाच्या नादात कुठं टाकली. पंधरा वर्षं हेच भांडण.

ओळी रात्री अडीचला आठवल्या, ‘साखर खाऊन सुटलं पोट, झुलीसाठी निघेना दहाची नोट’. आठवल्या आणि झोपच उडाली. कारण आबाजी ‘सुटलं’च्या आधी थांबायचे ना बे! रांगेत ज्याच्याकडं पैसा आहे आणि बैलाच्या पाठीवर फाटकी झूल, त्याच्याकडं पाहायचे आणि त्याचं नाव घालायचे. एका साली पोट तुझ्या बाबांचं सुटलं होतं, आठवते? दोन महिने त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही. त्या झुलीचं आबाजीला मीच सांगितलं होतं. आता कबूल करतो, बाबांना सांगू नको.

आणि ती नावं आपण वहीत गाळली. कापसाचा भाव, बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, त्या त्या सालचं सारं गाळलं. ‘छापल्यासारखं दिसलं पाहिजे’, हे तुझं म्हणणं. मीही मान डोलावली म्हणा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते ना, काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, त्या त्याच, पण सोबतचे बडगे, म्हणजे बाकीचे पुतळे, दरवर्षी नवे, ज्याचा त्या साली राग त्याचा बडग्या. आबाजीचंही तसंच होतं, गौरा पार्वतीचं नमन जुनं आणि मधलं सारं यंदाचं. वही सापडली तरी पुढच्या पोळ्याला मी काय वाचू, २००४ चा भाव?

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं ‘खासी, खोकला घेऊन जा गे मारबत’ ओरडत गावाबाहेर पळाली, त्यात आमचं बेणं मधेच ओरडलं, "मोबाईलचं लॉक घेऊन जा गे मारबत!" कोणी शिकवलं नव्हतं. बायको चिडली, मी गप.

तुझ्या फ्लॅटचं झालं का? वहिनीची बदली? पोरगी दहावी पास झाली म्हणे, पेढे कुठं आहेत?

असो. यमक तुला जमायचं, मला फक्त अक्षर बरं. दोन ओळी केल्यात:

ट्रॅक्टर रे ट्रॅक्टर, हप्त्याचा ट्रॅक्टर,
बैल पडला आजारी, मिळेना डॉक्टर...

इथं अडलो. पुढच्या दोन तू कर, नावाला जागा ठेव. बाशिंगवाला ट्रॅक्टर तुझ्याच चुलतभावाचा आहे, तेव्हा नाव घालायचं की नाही तेही तूच ठरव. आणि म्हणायला तू ये, सुटी आत्ताच टाकून ठेव.

वही पलंगाच्या पेटीत पाहा. नक्की तिथंच असंल.

तुझा,
बाल्या