विषय: न विचारता विमानाच्या इंजिनाचा सिलिंडर काढला आणि ॲन्युअल (विमानाची वार्षिक तपासणी) अर्धवट केलं, त्याबद्दल तक्रार

सप्रेम नमस्कार दादा,

आपली ओळख न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीतली, म्हणून इंग्रजीत कडक ईमेल टाकवेना, पण हे पत्र तक्रारीचंच आहे आणि ते शॉपच्या फाइलला लावा ही विनंती. आम्हा तिघांचं १९७८ सालचं सेसना १७२एन जानेवारीत तुमच्याकडे ॲन्युअलला दिलं होतं. ठरले होते १,८०० डॉलर, आणि जास्तीचं काही निघालं तर आधी फोन. फोन आला खरा, पण तो "विमान तयार आहे, घेऊन जा" एवढाच, आणि बिल ६,६४० डॉलरचं.

पैशाचं नंतर बोलू, आधी सिलिंडर.

तुमच्या वर्कशीटवर कॉम्प्रेशनचे (चार सिलिंडर हवा किती धरून ठेवतात त्याचे) आकडे आहेत ८० पैकी ७६, ७४, ५८ आणि ७५. तिसऱ्याचा ५८ बघून तुमच्या मेकॅनिकने तो खाली उतरवला. आता ही टेस्ट इंजिन गरम असताना करायची असते हे तुम्हाला मी काय सांगणार, पण वर्कशीटवरचा टॅकोमीटरचा (इंजिन किती तास चाललं त्याचा) आकडा आणि मी विमान आणून लावलं तेव्हा मोबाईलमध्ये काढलेल्या फोटोतला आकडा एकच आहे, एका दशांशाचाही फरक नाही. म्हणजे चार दिवस बर्फात उभं असलेलं इंजिन ढकलत आत आणलं आणि गार असतानाच मोजलं. गार इंजिनात रिंगा नीट बसत नाहीत, वाल्वच्या कडेला कार्बनचा एखादा कण अडकला तरी आकडा पडतो, म्हणून तर आधी इंजिन चालवून गरम करा आणि परत मोजा म्हणतात. तेही राहू द्या, हवा कुठून जात होती ते तरी लिहायचं होतं! एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर वाल्व, ब्रीदरमधून आली तर रिंगा, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक वाल्व. कान लावायला दोन मिनिटं लागतात, वर्कशीटवर त्याबद्दल एक शब्द नाहीये. बोरस्कोपचा (सिलिंडरच्या आत घालायच्या कॅमेऱ्याचा) फोटो पण नाही.

माझ्याकडे मात्र आहेत. नोव्हेंबरात प्लग मी स्वतःच काढून साफ केले होते (मालक-पायलटला तेवढी परवानगी आहे) तेव्हा स्वस्तातला कॅमेरा आत घालून चारही एक्झॉस्ट वाल्वचे फोटो घेतले होते. जळायला लागलेल्या वाल्वला एका कडेला वेगळाच डाग दिसतो, तिसऱ्याचा वाल्व सगळीकडून सारखा आहे. फोटो सोबत जोडलेत. दोन महिन्यांत काही बिघडलंच नसेल असं मी म्हणत नाही, पण बघितल्याशिवाय काढायचा कशाला? आणि बघायला आता जुना सिलिंडरही नाही, तो म्हणे कोअर म्हणून (नव्याच्या बदल्यात जुना) डीलरला पाठवून दिला. कुणाला विचारून?

ॲन्युअल नापास करणं आणि दुरुस्ती करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या इन्स्पेक्टरला विमान एअरवर्दी (उडवण्यायोग्य) नाही असं वाटलं तर त्याने दोषांची सहीची यादी आमच्या हातात द्यायची, मग ती कामं तुमच्याकडून करून घ्यायची की दुसऱ्या मेकॅनिककडून ते आम्ही ठरवू. एफएएच्या (अमेरिकेच्या सरकारी विमान-वाहतूक खात्याच्या) नियमात हे स्पष्ट आहे. आम्हाला यादी मिळालीच नाही, थेट बिल मिळालं.

आता बसवलेल्या सिलिंडरची गोष्ट. घ्यायला आलो त्या दिवशी एकटाच होतो, आणि शॉपमधून आलेल्या विमानात पहिल्या वेळी कुणाला बसवायचं नाही हा माझा जुना नियम. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीला) १,७०० आरपीएमवर प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी फक्त डावा लावला तर ड्रॉप, म्हणजे आरपीएमची घट, २०० च्या वर, इंजिन थडथडतंय. सेसनाच्या पुस्तकात मर्यादा १२५. परत येऊन काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं तर तिसऱ्याच्याच वरच्या प्लगच्या लीडचा नट बोटांनी फिरत होता, आणि पुशरॉड ट्यूबच्या सीलपाशी तेल ओलं. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये ती ह्यामुळे की जो नट दिसतो तो सैल राहिला, मग सिलिंडरच्या बुडाचे नट कसे आवळलेत? लॉगबुकात टॉर्कचा (नट किती जोराने आवळले त्याचा) उल्लेखच नाही. नवीन सिलिंडर असताना तेल मात्र नेहमीचं मल्टिग्रेड भरलंय. ब्रेक-इनसाठी (नवीन सिलिंडर सुरुवातीला रुळवण्यासाठी) मिनरल ऑइल लागतं, आणि आमच्या एच२एडी इंजिनाला वर लायकमिंगचं ॲडिटिव्ह, कारण ह्या इंजिनाच्या कॅमची आणि टॅपेटची (वाल्व उघडणाऱ्या भागांची) लवकर झिजण्याची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहेच. ब्रेक-इन कसं करायचं हे मला कुणी तोंडी पण सांगितलं नाही.

आणि शेंगदाणे. लॉगबुकात सीट रेलची एडी (एफएएचा सक्तीचा सुरक्षा-आदेश) २०११-१०-०९ पूर्ण केली असं सहीनिशी लिहिलंय. ह्या एडीत सीटचे रूळ, भोकं, पिना, रोलर सगळं तपासायचं असतं, कारण टेकऑफला सीट मागे सरकून अपघात झालेत. मी डावी सीट पुढे ओढली तर दिवाळीतल्या चिवड्याचे दोन शेंगदाणे रुळाच्या भोकात जसेच्या तसे. घरी सांगितल्यावर मुलगी हसली, मला हसू आलं नाही. रूळ तपासणाऱ्याला शेंगदाणे दिसत नाहीत असं होईल का? मग त्या सहीखालच्या बाकीच्या ओळींवर मी कसा विश्वास ठेवू?

विमान सध्या टाय-डाउनवर (दोरांनी बांधून) उभं आहे, आम्ही उडवत नाही आहोत. मला काय हवंय ते सांगतो. तिसऱ्या सिलिंडरचं काम दुसऱ्या शॉपचा मेकॅनिक तुमच्या समोर तपासेल, त्याचा खर्च तुमचा. बिलातले सिलिंडरचे २,९०० आणि मजुरीचे १,६८० परत हवेत, गॅस्केट आणि तेलाच्या २६० वर मी वाद घालत नाही. सीट रेलचं काम आमच्यापैकी एकजण हजर असताना परत करा आणि लॉगबुकात खरी तारीख टाका, आधीची नोंद खोडू नका, खाली दुरुस्तीची नोंद करा. जुना सिलिंडर अजून डीलरकडे असेल तर थांबवा, आजच फोन करा.

ह्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या. फोनवर "अरे बघतो रे" नको, ते गणपतीत ठीक आहे. उत्तर आलं नाही तर लॉगबुकाच्या प्रती आणि हे फोटो घेऊन मला एफएएच्या फ्लाइट स्टँडर्ड्स ऑफिसात जावं लागेल, आणि खरं सांगतो, तिथे जायची मला अजिबात हौस नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
१७२ वाला (बाकी दोन पार्टनरच्या वतीनेही)